शमीखालचं पाणी

पाणी आधी आनंदीलाच दिसलं, आणि दिसलं तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी दिसलं असतं तर बरं झालं असतं.

भादवा संपत आला होता. पाऊस जायच्या गोष्टी करत होता, जात मात्र नव्हता. बडोद्याहून छोटा उदेपूरच्या रस्त्याला लागलं की जिथं डोंगर सुरू होतात, तिथं शिबंदीपुरा नावाची मराठ्यांची लहानशी वस्ती आहे. गायकवाडी अमलात खिंडीवर पहारा द्यायचा म्हणून फौजेतल्या माणसांना ही जमीन मिळाली. पुढे फौज गेली, खिंडीतून डांबरी सडक गेली, आणि आता वस्तीच्या डोक्यावर खाणीचं तळं आहे. डोंगरातला दगड फोडायचा, दळायचा, कामाचं तेवढं काढून घ्यायचं, आणि मागं उरलेला करडा गाळ पाण्याबरोबर पाइपातून या तळ्यात सोडायचा. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पंपानं परत कारखान्यात जातं. हा सगळा पसारा अडवून धरलाय एका मातीच्या बांधानं. त्याला तिथं सगळे पाळा म्हणतात. पाळा ताडाएवढा उंच, आणि त्याच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर आनंदीचं घर.

पाळ्याला शिव्या द्यायची सोय या घराला नव्हती. आनंदीचा नवरा प्रतापसिंह तळ्यावरचा पंप चालवायचा. ती स्वतः बायांच्या टोळीबरोबर पाळ्याच्या उतारावर वाळ्याची रोपं लावायची. वाळ्याची मुळं माती धरून ठेवतात, म्हणून उतारावर गवतच हवं. झाड एकही नको, असा कंपनीचा कायदा. निरुपमा मॅडमनी, म्हणजे पाळ्याची देखरेख करणाऱ्या इंजिनियर बाईंनी, टोळीला उन्हात बसवून हे समजावलं होतं. बडोद्याच्या घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या मराठी घरातली ही बाई, बोलणं साधं. "झाडाची मुळं आत शिरतात आणि त्यांच्या कडेनं पाणी वाट काढतं," त्या म्हणाल्या होत्या. "आणि एक लक्षात ठेवा. पाळा थोडा पाझरणारच. पाणी स्वच्छ असेल तर घाबरू नका. पण गढूळ दिसलं, तर आतली माती वाहायला लागलीय असं समजा आणि हातातलं काम टाकून मला फोन करा."

आणि तरीही पाळ्याच्या पायथ्याशी एक झाड होतं. शमीचं. ते आनंदीच्याच घरचं.

या घराण्याची दसऱ्याची शमी पूर्वी शिवेवर होती. तळं झालं तेव्हा शीव गाळाखाली गेली आणि शमीही गेली. आनंदीचे सासरे हिंमतराव त्या वर्षी दसऱ्याला जेवले नाहीत. मग त्यांनी कुठून तरी रोप आणलं, पाळ्याच्या पायथ्याशी लावलं, भोवती बाभळीचे काटे रचले. शस्त्रं पुजायची आणि शमीला जायचं, ही पिढ्यांची रीत. तिला कंपनीचा कायदा विचारतो कोण? प्रतापसिंह पंपावर होता, त्यानं कानाडोळा केला. झाड वाढून माणसाच्या डोक्याहून उंच झालं. गेल्या साली मॅडमना ते दिसलंच. तेव्हा प्रतापसिंह हात जोडून म्हणाला, "मुळं बाहेरच्या बाजूला आहेत मॅडम, मी रोज बघतो." रोज बघत होता, खोटं नाही. पण झाडाची मुळं बघून कुणाला दिसतात? शेवटी ठरलं की यंदाचा दसरा होऊ द्यायचा, मग पाणी उतरलं की झाड मुळासकट काढायचं. हिंमतराव त्यावर एवढंच म्हणाले, "बघू."

तर त्या दुपारी टोळी भाकरी खायला बसली होती आणि आनंदी वाळा कापत शमीपाशी आली. पाय पचकन रुतला. तिनं खाली वाकून बघितलं. बुंध्याला लागून अंगठ्याएवढं भोक, त्यातून पाणी बुडबुडत होतं, आणि भोकाभोवती करड्या बारीक मातीचं कडं साठलं होतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. तिनं ओंजळीत पाणी धरलं. तळहाताच्या रेषा दिसेनात.

मोबाइल कनवटीला होता. तो तिनं काढला, आणि परत खोचला.

कारण फोन केला असता तर शमी गेली असती, दसऱ्याच्या तोंडावर. आणि रोज बघतो म्हणणाऱ्या नवऱ्याचं काय झालं असतं, ते वेगळंच. मॅडमना सांगायच्या आधी घरात सांगावं, असं तिनं स्वतःला बजावलं आणि चिखलातून जवळजवळ धावतच ती घरी आली.

हिंमतराव ओसरीवर सुतळी वळत होते. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण पाठ अजून ताठ. सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"अगं, शेताच्या बांधाला घुशीनं भोक पाडलं तर आपण काय करतो? कलेक्टरला बोलावतो का? काळी माती घेतो आणि ठोकतो."

"मामंजी, पण पाणी गढूळ आहे. मॅडम म्हणाल्या होत्या..."

"मॅडम बऱ्या आहेत. पण मॅडमनी किती बांध घातले आणि मी किती घातले? प्रतापला हाक मार."

प्रतापसिंह आला तो घाबरूनच. पण बापासमोर त्याचं कधी काही चाललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर झाकली मूठ त्यालाही हवीच होती. दिवस कलताना तिघं शमीपाशी गेली. हिंमतरावांनी आधी भोकात गोणपाट कोंबलं, त्यावर धोंडा बसवला. आनंदी घमेल्यानं काळी माती आणत होती. प्रतापसिंह धुमसानं ठोकत होता. प्रत्येक ठोक्याला आनंदीच्या पायाखालची जमीन जराशी हलायची, घट्ट जमिनीसारखी नाही, सायीसारखी. ती एकदा म्हणालीही, "अहो, जमीन हलतेय का?" नवरा घामाघूम होऊन म्हणाला, "हलते कसली? माती आण."

पाणी थांबलं. एक थेंब नाही. म्हाताऱ्यानं वर पालापाचोळा टाकला, हात धुतले आणि म्हणाला, "झालं? उगाच घाबरवलंस."

त्या रात्री आनंदी मात्र कूस बदलत राहिली. पाणी थांबलं होतं, पण थांबून गेलं कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली नाही. निरुपमा मॅडम सकाळीच रेनकोट घालून आल्या. पाळ्यात जागोजागी उभ्या नळ्या पुरलेल्या आहेत, त्यांत टेप सोडून आत पाणी कुठवर चढलंय ते बघतात. मॅडमनी एका नळीत टेप सोडला, काढला, पुसला, पुन्हा सोडला. मग पायथ्याच्या गटारापाशी येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला आठी.

"प्रतापसिंह, आतलं पाणी वर चढलंय. पण बाहेर निघतंय ते कालच्यापेक्षा कमी. असं कसं?"

"वरसादमुळे असेल मॅडम."

"पावसानं वाढेल. कमी कसं होईल?" त्यांनी टोळीकडे वळून बघितलं. "कुणी कुठे काही बुजवलं तर नाही ना?"

शमी दहा पावलांवर होती. आनंदीच्या हातात वाळ्याची जुडी होती, तिची पाती तिच्या बोटांत रुतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला वाटलं, सगळी टोळी आपल्याकडेच बघतेय. कुणीच बघत नव्हतं.

"ना रे ना," प्रतापसिंह म्हणाला. "इथं कोण बुजवणार? बधुं बरोबर छे."

मराठी बाईशी बोलताना तो गुजरातीत शिरला, तेव्हाच आनंदीला कळलं की त्याच्या तोंडचं पाणी पळालंय. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "आनंदीबेन, तब्येत बरी नाही का? चेहरा उतरलाय."

"नाही, ते... रात्री झोप झाली नाही."

"माझीही नाही झाली," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या नळीकडे गेल्या. या बाईलाही भीती वाटते, हे आनंदीला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि समजून धीर येण्याऐवजी असला नसला तोही गेला. ज्यानं घाबरायचं नाही तोच घाबरला तर मग राहिलं काय?

संध्याकाळी म्हशीनं गोठ्यात पाय ठेवायला नकार दिला.

घराच्या मागे गोठा, करड्या विटांचा. तळ्यातल्या गाळाच्याच विटा कंपनी बनवते, त्या वस्तीला वाटल्या होत्या. म्हैस गरीब, तिला ओढावंसुद्धा लागत नाही. आज चारही पाय रोवून उभी. आनंदीची सून मिताली दावं ओढत होती, आणि तिची लहानगी सानवी अंगणात टाळ्या पिटत होती. मितालीचा नवरा हार्दिक बडोद्यात मकरपुऱ्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. घरात बायका त्या दोघीच, आणि ही चिमुरडी.

"आई, हिला काय झालंय बघा ना. आणि गोठ्यात पाणी कुठून आलं? पत्रा तर गळत नाही."

आनंदी आत गेली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा तिला दिसलं. गव्हाणीच्या खाली जमीन फुगली होती, मध्ये भोक, भोकात पाणी बुडबुडत होतं, आणि भोवती तेच करड्या मातीचं कडं. इथलं मोठं होतं. मनगट जाईल एवढं.

अरे देवा! म्हणजे ते पाणी थांबलंच नव्हतं. शमीपाशी वाट कोंडली म्हणून ते जमिनीखालून चालत चालत घरापर्यंत आलं होतं. त्या गव्हाणीच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीला लागून सानवीचा पाळणा.

"मामंजी!" ती ओरडली.

हिंमतराव आले. बघितलं. मग वळले आणि बाहेर कोपऱ्यात उरलेल्या काळ्या मातीचं घमेलं उचलून घेऊन आले. प्रतापसिंह नेमका तेव्हाच पंपावरून परतला होता. त्याला म्हणाले, "धुमस आण."

आनंदी भोकाच्या आणि सासऱ्याच्या मध्ये उभी राहिली.

"सूनबाई, बाजूला हो."

"नाही."

"बाजूला हो म्हणतो ना!"

"नाही मामंजी. एक वाट कोंडली तर इथं आलं. ही कोंडली तर कुठं जाईल? पाळण्याखाली?" तिला रडू फुटलं, पण ती हलली नाही. "तुमच्या पाया पडते. मारायचं तर मारा. पण ती माती खाली ठेवा."

लग्न होऊन आल्यापासून तिनं या माणसाला उलट शब्द केला नव्हता. हिंमतराव घमेलं धरून उभेच. तेवढ्यात भोकातून गुळ्ळकन मोठा बुडबुडा फुटला आणि करडं पाणी त्यांच्या पायांवर आलं. म्हातारा एक पाऊल मागे सरला. त्या घरात त्याला मागे सरताना कुणी बघितलं नव्हतं.

आनंदीनं फोन लावला.

"मॅडम, मी आनंदी. आम्ही बुजवलं. काल शमीपाशी गढूळ पाणी आलं होतं, ते आम्ही बुजवलं. आणि आता आमच्या गोठ्यात आलंय."

"कशानं बुजवलं?"

"काळ्या मातीनं. ठोकून."

मॅडमचा आवाज अगदी सपाट झाला. "आधी घरातली माणसं बाहेर काढा. सगळी वस्ती टेकडीवरच्या देवळात न्या. सामान घेऊ नका. भोकात काही टाकू नका. प्रतापसिंहांना म्हणावं, तळ्यातलं पाणी उपसायचा दुसरा पंपही चालू करा. गाळ सोडणं मी बंद करवते. मी निघाले."

भोंगा वाजायला लागला. शिबंदीपुऱ्यात तो भोंगा आजवर फक्त सरावासाठी वाजला होता आणि तेव्हा लोक हसत हसत, बिड्या ओढत टेकडीवर जायचे. आज आनंदी दारोदार किंचाळत फिरली तेव्हा कुणी हसलं नाही. खाटेवरच्या म्हाताऱ्या पाठीवर घेऊन लोक चढले. मितालीनं सानवीला ओढणीनं पोटाशी बांधलं. म्हैस सोडली तशी तीच सगळ्यांच्या पुढे टेकडीकडे पळाली.

मॅडम आल्या त्या रेती आणि खडीचे डंपर मागे घेऊनच. दिवस मावळला होता, जीपचे दिवे शमीवर लावले. झाड आहे तसं उभं होतं, पानन्पान निथळत.

"हे उघडावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पाणी कोंडायचं नाही, माती कोंडायची. आधी रेती, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. म्हणजे पाणी गाळून बाहेर येईल आणि आतली माती आत राहील. गोठ्यातही तेच करायचं. पण आधी इथलं बूच काढायला हवं, आणि काढताना पाणी एकदम उसळेल. कुठे काय घातलंय ते कुणाला माहीत आहे?"

"मला," हिंमतराव म्हणाले.

"आजोबा, तुम्ही टेकडीवर जा."

"गोणपाट कुठं आणि धोंडा कुठं, ते मी बसवलंय. दुसरा कुणी चाचपडत बसेल आणि तेवढ्यात..." पुढचं ते बोलले नाहीत. पागोटं काढून त्यांनी आनंदीच्या हातात दिलं. "मी घातलं, मी काढतो."

वाद घालायला वेळ नव्हता. मॅडमनी त्यांच्या कमरेला दोर बांधायला लावला, त्याचं टोक प्रतापसिंहानं धरलं. म्हातारा शमीखाली गुडघ्यावर बसला आणि खुरप्यानं माती उकरायला लागला. टोळीतल्या बाया रेतीची घमेली डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या होत्या. वर, पाळ्याच्या पलीकडे, तळं भरलेलं होतं आणि त्यावर पाऊस पडतच होता. आनंदीनं पागोटं छातीशी धरलं होतं. तिला देवाचं नाव आठवेना. तिच्या मनात एकच गोष्ट: मी काल फोन केला असता तर.

धोंडा निघाला. गोणपाट ओढलं आणि पाणी भस्सकन उसळलं, म्हाताऱ्याच्या तोंडावर, छातीवर. हिंमतराव मागे कोसळले, प्रतापसिंहानं दोर खेचला. "रेती!" मॅडम ओरडल्या. पागोटं कमरेला खोचून पहिलं घमेलं आनंदीनंच ओतलं. पाण्यानं ती रेती फेकून दिली. दुसरंही फेकलं. तिसरं, चौथं, बाया टाकतच राहिल्या. मॅडम स्वतः गुडघाभर चिखलात उभ्या राहून हातांनी रेती पसरत होत्या. मग केव्हातरी रेती टिकली. तिच्यावर खडी. खडीवर दगड. पाणी दगडांमधून वर येतच होतं, पण आता उसळत नव्हतं, नुसतं वाहत होतं. अर्धी माणसं तिथं ठेवून बाकीची गोठ्याकडे धावली.

मॅडमनी पिशवीतून काचेचा ग्लास काढला, पाणी भरलं, दिव्यासमोर धरला. करडं. ओतून दिलं. थोड्या वेळानं पुन्हा भरलं. करडं. आनंदी त्यांच्या खांद्यावरून बघत होती. किती वेळा भरला आणि किती वेळा ओतला, देव जाणे. मग एकदा ग्लासाच्या तळाखाली धरलेलं मॅडमचं बोट दिसलं. आधी धूसर, मग नखासकट.

"बसा," मॅडम म्हणाल्या, आणि आधी त्या स्वतःच दगडावर बसल्या.

आठवडाभर वस्ती देवळातच राहिली. प्रतापसिंहाला पंपावरून काढून पाइपाच्या कामावर घातलं, आता त्याचा मुकादम गावातलाच एक पोरगेला इसम होता, तो चारचौघांत विचारायचा, "काय प्रतापकाका, आज काही बुजवलं का?" आणि प्रतापसिंह खाली मान घालून पाइप उचलायचा. हिंमतरावांना ताप भरला. उतरला तेव्हा मॅडम बघायला आल्या.

"शमी?" हिंमतरावांनी पहिलं तेच विचारलं.

"आता हात लावता येणार नाही. पाणी पूर्ण उतरलं की मुळासकट काढू."

"काढा," म्हातारा म्हणाला. मग कोपरावर उठून म्हणाला, "एक विचारतो. खाण पुढेमागे संपेल. मग हे तळं?"

"खाण संपेल, आजोबा. मी निवृत्त होईन. गाळ इथंच राहणार. वरून माती घालू, गवत लावू, पाणी काढून टाकू. पण लक्ष ठेवावंच लागेल."

"किती वर्षं?"

मॅडमनी पिशवीतून तो काचेचा ग्लास काढला आणि आनंदीच्या हातात दिला. हिंमतरावांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून तो ग्लास आनंदीकडेच राहिला. रोज उजाडताच ती शमीपाशी आणि गोठ्यात पाणी भरून बघायची, आणि परत आली की सासरे ओसरीवरून विचारायचे, "तळ दिसतो का?" ती म्हणायची, "दिसतो." मग ते चहाचा कप हातात घ्यायचे.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर शस्त्रं मांडली होती. तलवार तेल लावून पुसलेली, झेंडूच्या माळा, मुहूर्त जवळ आलेला. आनंदी शमीखाली ग्लास भरून उभी राहिली. तळ दिसत होता. नव्हता दिसत. काहीतरी तरंगत होतं. तिनं ग्लास फिरवून धरला, डोळे चोळले, पुन्हा भरला. घर समोर दिसत होतं, दाराला तोरण, मितालीनं नेसलेलं नवं लुगडं. एवढ्यासाठी सणाच्या दिवशी लोकांना टेकडीवर पळवायचं? काही नसलं तर अख्खी वस्ती तोंडात शेण घालेल.

तिनं आधी फोन लावला. मग घरात गेली.

"मामंजी, मला नीट सांगता येत नाही. मॅडमना बोलावलंय."

हिंमतरावांच्या हातात हळद-कुंकवाचं ताट होतं. त्यांनी ते पाटावर ठेवलं, सानवीला कडेवर घेतलं, आणि दारात उभं राहून वस्तीला हाक दिली. त्यांचा आवाज चिरका झाला होता, पण पोचला.

मॅडम आल्या, पाणी बघितलं, नळ्या बघितल्या. शमीची पिकली पानं गळत होती, त्यांचाच पिवळा चुरा पाण्यात उतरला होता. बाकी काही नव्हतं. दुपार कलल्यावर लोक खाली आले. कुरकुर झालीच. एकजण मोठ्यानं म्हणाला, "आता रोज हेच का?" आनंदी मान खाली घालून चालत राहिली.

"आजोबा, मुहूर्त गेला," मिताली म्हणाली.

"पहाऱ्यावरच्या माणसाला कसला मुहूर्त?" हिंमतराव पाटावर बसले. तलवारीला कुंकू लावलं. मग हात पुढे केला. आनंदीला आधी कळेना. कळलं तेव्हा तिनं ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तलवारीशेजारी ठेवला, त्यालाही कुंकवाचं बोट टेकवलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्यापासून मला उठवत जा. पाणी बघायला मीही येतो."

"उठवायचं काय त्यात?" आनंदी म्हणाली. "तुम्ही झोपता कुठं?"

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. पत्र्यावर आवाज यायला लागला तशी अंगणातली म्हैस उठून उभी राहिली, आणि घरातल्या सगळ्यांनी पाळ्याकडे कान लावले.